ऋतिकाने आणलेलं पाणी

कराडच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्या पत्र्याच्या ट्रंकेकडे बघून विचारलं, "बाई, ह्यात काय फुटण्यासारखं हाय का?" मी म्हटलं, "सगळंच फुटण्यासारखं आहे." मग त्याने ट्रंक डिकीत न ठेवता माझ्या पायाशीच ठेवायला लावली आणि ठाण्यापर्यंतचा प्रवास मी गुडघे पोटाशी घेऊन केला. ट्रंकेत भिंगं होती, चुंबकं, छोट्या मोटरी, वायरींची भेंडोळी, करवतीची पाती आणि पाणी तपासायच्या काचेच्या बाटल्या. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर बायका काशीला जातात, मी ठाणे-डोंबिवलीला निघाले होते.

काम असं होतं. ठाण्यातल्या एका संस्थेने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दर शनिवारची कार्यशाळा सुरू केली होती. तिथे पुस्तक उघडायचं नाही. लाकूड कापायचं, वायरींना सोल्डरिंगचा डाग द्यायचा, मोटर खोलायची, पुन्हा जोडायची. फी काही नाही, अट एकच, आईवडिलांची परवानगी हवी. आजूबाजूच्या शाळांत जाऊन मुलांना या प्रकाराची चव दाखवायची आणि पालकांना राजी करायचं, हे माझ्याकडे आलं होतं. मुलं राजी असतातच. त्यांच्यासाठी कुणी कराडहून माणूस बोलावत नाही.

उतरले ठाकुर्लीला मावसबहिणीकडे. तिच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसतात, आणि तिथल्या बायकांना आमच्या. पहिल्याच सकाळी पलीकडच्या एका बाईंनी तिथूनच माझी चौकशी केली. बहीण म्हणाली, "अगं, इथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, फक्त ओळख नसते." मला तेव्हा हसू आलं.

पहिली शाळा डोंबिवलीतली. इमारत देखणी आणि प्रयोगशाळाही होती, पण उपकरणांची कपाटं कुलूपबंद. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक मीटिंगला. मी माझी ट्रंक उघडली. मुलांनी दिवसभर वायरी सोलल्या, मोटरीला पंख्याची पाती लावली आणि एकमेकांचे केस उडवले. संध्याकाळी पालक आले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी अदबीने विचारलं, "मॅडम, याचा पुढे एन्ट्रन्सला उपयोग होतो का?" मी म्हटलं, "पंखा बिघडला तर होतो." कुणी हसलं नाही. शनिवारी क्लास असतो, असं एकेकाने सांगितलं आणि सगळे निघून गेले. त्या मुलांपैकी फारच थोडी कार्यशाळेला येतील, हे मला तिथेच कळलं.

दुसरा मुक्काम आंबिवली. कल्याणहून शेअर रिक्षाने गेले. वाटेतल्या एका खड्ड्यात ट्रंक अशी उडाली की दोन भिंगं गेली. शाळेत वीज नव्हती. मुलांनी उन्हात भिंग धरून कागद जाळला आणि एका मुलीने उत्साहात स्वतःच्या ओढणीला भोक पाडलं. तिची आई दुपारी आली. मला वाटलं भांडायला आली, पण ती खाली बसून ते भोक बघत राहिली. म्हणाली, "शनवारी हिला धाकट्याला सांभाळायचं असतं, मॅडम. मी कामाला जाते."

म्हणून तिसऱ्या मुक्कामाला, ठाण्याच्या बाळकुमकडे निघाले तेव्हा माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. निदान एक तरी मूल मिळावं, जे खरोखर येईल. ठाकुर्लीहून मोटागावचा पूल ओलांडून माणकोलीला आले, तिथून कशेळीच्या पुलावरून खाडी पार केली. पुलावरून खाली चिखल दिसतो, त्यात भरतीची वाट बघत पडलेल्या होड्या, आणि समोर टॉवर. पूर्वी इथे भातशेती आणि मिठागरं होती, असं रिक्षावाला सांगत होता. आता टॉवरांच्या पायाशी जुन्या गावाची घरं उरली आहेत. गावाला इथे गावठाण म्हणतात. शाळा अशाच एका गावठाणाच्या कडेला होती. गावाचं नाव सांगत नाही.

शाळेतले विज्ञानाचे गायकवाड सर मला बघून एवढे खूश झाले की मलाच संकोच वाटला. पहिल्या दिवशी मुलांना सांगितलं, उद्या घरून पाणी आणा, जे कुठलं असेल ते. दुसऱ्या दिवशी बाकावर नळाचं, टँकरचं, विकतच्या जारचं, खाडीचं असं नाना तऱ्हेचं पाणी जमलं. माझ्या बाटल्यांत औषध सुकवलेला कागद असतो. पाणी घालून बाटली उबेला ठेवायची. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर एकदोन दिवसांत ते काळं पडतं. इतकं सोपं आहे.

सातवीतली ऋतिका शेवटी आली. तिने पितळी तांब्यात पाणी आणलं होतं, वर रुमाल बांधून. "मॅडम, हे आमच्या विहिरीचं. सगळ्यात भारी पाणी आमचंच निघणार, बघा."

"रोज पिता तुम्ही हे?"

"नाय ओ. घरी जार येतो. विहिरीला तर झाकण आहे, कुलूप पण आहे. फक्त लग्न असलं की उघडतात. माझ्या दीदीचं लग्न आहे ना. काल साफ करायला उघडलेली, तेव्हा मी घेऊन ठेवलेलं."

मग तिने मला नीट समजावून सांगितलं. त्यांच्यात हळदीच्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पूजा करतात आणि पाणी आणतात. त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. त्यांच्या घराण्यात आणखी एक रीत होती, नवरीने त्यातलं घोटभर प्यायचं. माहेरचं शेवटचं पाणी म्हणून. हे सांगताना ती बाटलीवर स्वतःचं नाव लिहीत होती, आणि खाली ठळक अक्षरात "विहीर".

ही मुलगी मला हवी तशी होती. तिने मोटर नुसती जोडली नाही. ती उलटी का फिरते, हे विचारत बसली, आणि मी सांगायच्या आत वायरी अदलाबदल करून स्वतःच शोधलं. करवत तिच्या हातात शोभत होती. ती म्हणाली, "शनिवारी मी शंभर टक्के येणार. पप्पा नाही नाय बोलणार." मी गायकवाड सरांना म्हटलं, ही एक आली तरी माझा प्रवास वसूल झाला. दुपारी सरांच्या घरी तांदळाची भाकरी आणि निवटीचं कालवण (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातली बोटाएवढी मासळी) जेवले आणि बऱ्याच दिवसांनी मला भूक लागल्यासारखी वाटली.

बाटल्या बघायचा दिवस उजाडला. नळाचं पाणी स्वच्छ. जारचं स्वच्छ. टँकरचं किंचित करडं. खाडीचं काळं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आणि विहिरीचं काळं, अगदी शाईसारखं. विहिरीला लागून टॉवरची भिंत होती आणि भिंतीपलीकडे मैल्याची टाकी. कुठून काय झिरपत होतं ते सांगायला फार हुशारी लागत नव्हती. ऋतिका बाटली उजेडात धरून बघत राहिली. ती रडली नाही. तिने विचारलं, "म्हणजे दीदीने नाही प्यायचं ना?"

"नाही प्यायचं," मी म्हटलं.

इथे एक घोटाळा झाला, आणि तो कुणी वाईट हेतूने केला नव्हता. सरांनी मुलांचं कौतुक म्हणून ओळीत मांडलेल्या बाटल्यांचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. बाटलीवरचं नाव वाचता येत होतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावात फिरला आणि तिथून नवऱ्या मुलाच्या घरी पोचला. लग्नघरची विहीर काळी निघाली, एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं. जंतू, मैला, कागद, यातलं काही फोटोबरोबर गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी ऋतिकाचे वडील शाळेत आले. त्यांचे टेम्पो आहेत. अंगापिंडाने दांडगा माणूस, आवाज मात्र हळू. मी शिव्या खायची तयारी केली होती. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा काय दोष नाय. पन मुलाकडचे फोन करतान. व्याही बोलतो, अशा पान्यावर आमची सून नको न्हायला. आता मी काय करू?"

"पाणी उकळून घ्या," मी म्हटलं. "खळखळून उकळा, गार करा, मग द्या. काही होणार नाही."

"विधी करनाऱ्या म्हातारीला विचारतो." मग थांबून म्हणाले, "तुमी हळदीला या. तुमी आलात तर लोकांना बरा वाटंल. पोरीच्या शनवारचा तवाच बोलू."

मी जायला नको होतं, असं बहीण म्हणाली. पण ऋतिकाची परवानगी त्या हळदीत अडकली होती, आणि नवरीच्या घोटाचीही मला काळजी होती. मी नवं लुगडं नेसून गेले.

मांडव मोठा होता. एका बाजूला मटणाची पातेली, दुसऱ्या बाजूला बायका तांदळाचे वडे तळत होत्या, बँजोवाले गाणी वाजवत होते. ऊन कलल्यावर सगळ्या जणी विहिरीकडे निघाल्या. पुढे धवलारीण (लग्नात धवले म्हणजे मंगलगीतं गाऊन विधी सांगणारी बाई), मागे पिवळ्या साडीतली नवरी, तिचा हात धरून ऋतिका. ऋतिकाने मला बघितलं आणि ओळखीचं हसली. विहिरीचं लोखंडी झाकण उघडलेलं होतं. काठ शेणाने सारवून त्यावर तांदळाची रांगोळी घातली होती. पलीकडे टॉवरची भिंत, तिच्यावर ओल.

धवलारीण खूप म्हातारी होती. मी तिच्याजवळ जाऊन हळूच उकळण्याचं सांगितलं. तिने माझा हात धरला, रागाने नाही. म्हणाली, "बाय, न्हायचा पानी तापवतान. पूजेचा पानी इस्तवावं नाय ठेवाचा. तो पानी मग पानी नाय गं ऱ्हात." आणि ती पुन्हा गाऊ लागली. तिचं गाणं फार सुंदर होतं. ते ऐकता ऐकता मी कळशी वर येताना बघत होते.

कळशीची पूजा झाली. मुलाकडून त्याची आत्या आली होती, सगळं डोळ्यांखालून घालायला. ती कळशीकडे बघून म्हणाली, "हाच का तो पानी?" बँजो थांबला. ऋतिकाच्या वडिलांनी कळशीतून एक पेला भरला आणि गर्दीतून थेट माझ्याकडे आले.

"या मॅडम सायन्सच्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्याजवळ वाकून, फक्त मला ऐकू येईल असं, "एक घोट घ्या. लोकांची तोंडा बंद व्हतील. शनवारी पोरगी तुमची. शब्द देतो."

पेला माझ्या हातात होता. पाणी अगदी नितळ दिसत होतं, हे मी मुद्दाम सांगते. वडिलांच्या कपाळावर घाम होता. त्यांना माझी फजिती करायची नव्हती, आपल्या मुलीचं लग्न वाचवायचं होतं. ऋतिका माझ्याकडे बघत होती. मी प्यायले असते तर ती शनिवारी आली असती. पण मग कुठल्या तोंडाने मी तिला काही शिकवणार होते?

मी म्हटलं, "मी हे पिणार नाही. आणि नवरीलाही पिऊ देऊ नका. न्हाऊ घालायचं तर तापवून घाला, तोंडात नका जाऊ देऊ."

आत्येबाईंनी पदर सावरला आणि त्या परत जायला वळल्या. वडील खाली बघत उभे राहिले. एवढा मोठा माणूस, त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

तेव्हा ऋतिका पुढे आली. तिने माझ्या हातातून पेला घेतला. मला वाटलं, ओतून देणार. तिने तो तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. मी "अगं" म्हणेपर्यंत संपलासुद्धा. मग ती आत्येबाईंना म्हणाली, "बघा आत्या, काय नाय झालं. ती बाटली आमच्याकडून चुकलेली. आम्ही नीट धुतली नव्हती."

बाटली धुवायचीच नसते, हे तिला माहीत होतं. बाटल्या बंद येतात, ते तिनेच वर्गात बाकीच्यांना सांगितलं होतं. आत्येबाई हसल्या, तिच्या गालावरून हात फिरवला. बँजो सुरू झाला. नवरीने ओंजळ केली आणि धवलारणीने तिच्यात पाणी ओतलं. ऋतिकाने तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं.

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण तो आणखी अपमान झाला असता. मांडवात बसले. ऋतिकाच्या आईने स्वतः मला वाढलं. दोन वडे, त्यावर रस्सा. ताट ठेवताना ती म्हणाली, "मॅडम, तुमचा खरा असंल. पन ती परत गेली असती ना, माझ्या मोठीचा लगीन मोडला असता." मी एक वडा कसाबसा खाल्ला. ऋतिका दूर पोरींच्या घोळक्यात नाचत होती. दोनदा नजरानजर झाली, दोन्ही वेळा तिने नाचायचं थांबवलं नाही.

निघताना मी वडिलांना विचारलं, "ताप आला, उलट्या झाल्या तर लगेच दवाखान्यात नेणार ना? दोघींनाही?" त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "व्हय." शनिवारचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

कराडच्या एसटीत ट्रंक या वेळी डिकीत टाकली. फुटलं तर फुटलं. वाटभर मला ती पोरगी पेला रिकामा करताना दिसत होती. घरी आल्यावर रोज गायकवाड सरांना फोन करत होते. सर म्हणत, शाळेत आली होती, ठीक आहे. मला हायसं वाटे. आठवडा असाच गेला. मग एका दुपारी तिचाच फोन आला, आईच्या मोबाइलवरून.

"मॅडम, मला काहीच नाय झालं. दीदीला पण नाय."

"देवाची कृपा," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

"मग बाटली काळी का पडली?"

मी समजावलं. जंतू असले म्हणजे प्रत्येक वेळी प्रत्येक माणूस आजारी पडतोच असं नाही. एखादा घोट निभावून जातो, रोज प्यायलं तर कधीतरी गाठतंच. रस्ता न बघता ओलांडणारा माणूस रोज कुठे मरतो, पण म्हणून कुणी न बघता ओलांडत नाही. ती वर्गात ऐकायची तसंच नीट ऐकत होती.

"पण पप्पा बोलतात, प्रयोग खोटा होता. सगळेच बोलतात."

"तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "मॅडम, मी आजारी पडली असती तर खरा झाला असता का?"

तिला कार्यशाळेत पाठवणार नाहीत, हे तिने शेवटी सांगितलं, जसं काही ते आधीच ठरलेलं होतं. तिकडे उगाच घाबरवायला शिकवतात, असं घरी म्हणतात. मी म्हटलं, मी पप्पांशी बोलू का? ती म्हणाली, नका ना, मॅडम. फोन ठेवला.

प्रवासाला जाऊन आलेल्या माणसाने काय बघितलं ते सांगायचं असतं, म्हणून एवढं लिहिलं. ठाण्याची कार्यशाळा चालू आहे. डोंबिवलीतली काही मुलं येतात, आंबिवलीचं कुणी नाही. मुलांच्या हातात करवत द्यावी, भिंग द्यावं, त्यांना स्वतः बघू द्यावं, यावरचा माझा विश्वास अजून आहे. पण त्यांनी जे बघितलं ते घेऊन त्यांना घरी एकटंच जावं लागतं, हे मी कधी धड मनावर घेतलं नव्हतं.

परवा गायकवाड सरांचा फोन होता. त्यांचा आवाज पडलेला होता. गावाने विहिरीचं लोखंडी झाकण काढून टाकलं, म्हणाले. काठाला रंग दिला, रहाट बसवला, बादली टांगली. आमच्या विहिरीला कुणी नावं ठेवू शकत नाही, त्या पोरीने पेलाभर पिऊन दाखवलं, असं लोक पाहुण्यांना सांगतात. जारवाल्याला बऱ्याच घरांनी बंद केलं आहे. मधल्या सुट्टीत शाळेतली मुलंही तिथेच पाणी प्यायला जातात.

आम्ही बाटल्या घेऊन जाण्यापूर्वी ते पाणी कुठल्यातरी लग्नात एखाद्या नवरीच्या ओंजळीपुरतंच कुणाच्या तोंडी लागत होतं.